हॉर्न नाही म्हणाला

गल्लीच्या तोंडाशी उभ्या पिकअपभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर अंगारा फासलेला एक बाबा डोळे मिटून डुलत होता आणि स्टिअरिंगला कुणाचा हात नसताना हॉर्न वाजत होता. एकदा वाजला तर हो, दोनदा वाजला तर नाही, ही भाषा बाबानेच ठरवून दिलेली.

पिकअप गल्लीतल्या एका घरच्या थोरल्या लेकाची. तो छातीत कळ येऊन गेला. पुढे त्याची आई सहज त्या सीटवर टेकली, तर हॉर्न वाजला. माझा लेक बोलला म्हणून म्हातारीने हंबरडा फोडला. बातमी गावभर झाली आणि मागोमाग बाबा टपकला. "आत्म्याला बॅटरी लागत नाही, भक्ती लागते," हे त्याचं पालुपद. काल त्याने विचारलं, आईने डॉक्टरच्या गोळ्या घ्याव्यात का? हॉर्न दोनदा वाजला. थोरला रोज स्वतः तिच्या हातावर ठेवायचा त्या रक्तदाबाच्या गोळ्या म्हातारीने मोरीत ओतल्या आणि बाबाचा अंगारा चाटायला लागली.

थोरल्याची बायको शाळेत विज्ञान शिकवायची. पण घरात तिची मात्रा चालेना. खरं तर पहिल्यांदा हॉर्न ऐकून तीही धावत बाहेर आली होती. आज सकाळी मात्र सासू भोवळ येऊन पडली, आणि तिला आठवलं की नवऱ्याने हौसेने जोडहॉर्न बसवला तेव्हा त्याच्या बटणाची तार त्याच सीटखालून ओढली होती.

ती गर्दीतून वाट काढत ड्रायव्हरच्या जागी बसली. स्टिअरिंगखालच्या डबीतून हॉर्नचा फ्यूज हळूच काढून तिने मुठीत धरला.

"विचारा, बाबा."

बाबा डुलला. मग आदळला, उसळला. हॉर्न गप्प.

"रुसलाय तो," बाबा घाम पुसत म्हणाला.

तिने मूठ उघडली. "बॅटरी लागत नाही ना त्याला? मग एवढासा फ्यूज काढल्यावर वाचा कशी बसली?"

फ्यूज परत बसवून तिने बाबाला खाली उतरवलं आणि सीटवर बटाट्याचं पोतं ठेवायला लावलं. हॉर्न कोकलला.

"पोत्याच्या अंगात आलं," मागून कुणीतरी म्हणालं. हसण्याच्या गडबडीत बाबाने काढता पाय घेतला.

मग तिने सीट उचलून सगळ्यांना दाखवलं. तारेचं आवरण घासून गेलं होतं. त्या बाजूला वजन कललं की उघडी तार लोखंडाला टेकायची आणि हॉर्न वाजायचा; बाबा डुलायचा तो त्यासाठीच. बटण दाबल्यावरही आत हेच घडतं.

गर्दी पांगली. सासू पायरीवर बसून होती.

"म्हणजे तो नव्हताच?"

सुनेला ते बोलवेना, पण खोटंही बोलवेना. "नव्हता, आई. हॉर्नचं काय ऐकता? आपला माणूस कसा होता ते आठवा. तो तुम्हाला गोळी घेऊ नको म्हणाला असता का?"

 म्हातारीने हात पुढे केला. सुनेने दुकानातून आणलेली नवी गोळी त्यावर ठेवली.

संध्याकाळी सुनेने तारेला टेप गुंडाळली. सासू येऊन सीटवर बसली, तिने जरा हलून बघितलं. काहीच वाजलं नाही. सून तिच्या शेजारी बसून राहिली.