नाही म्हणणारा चार्जर

चार्जरवर लाल दिवा लागला तेव्हा अनिलभावजी पडवीत चहा पीत बसले होते. मृणालीने प्लग काढून पुन्हा लावला. पुन्हा लाल. तेव्हा मात्र त्यांनी कप खाली ठेवला आणि पोटभर हसून घेतलं.

“शहाणा चार्जर ना गो हा? आमच्या घरची वीज त्याला सोसत नाय वाटतं.”

अकरा महिन्यांची लेक सानवी मृणालीच्या कडेवर बसून तिच्या कानातलं ओढत होती. थोरल्या दिराशी भांडायचं तर बाईचे दोन्ही हात मोकळे हवेत.

मिरजोळ्यातलं हे घर दोघा भावांचं, पण मीटर एकच आणि तो थोरल्याच्या नावावर. धाकटा हर्षद जहाजावर. वर्षातले आठ महिने त्याचा नुसता आवाजच घरी येतो. या खेपेला जाण्याआधी त्याने बायकोला एक वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेऊन दिली, आणि भावाला विचारायचं राहून गेलं. त्या दिवसापासून भावजी गाडीला इस्त्री म्हणू लागले. “इस्त्री गरम झाली काय?” असं ते हटकून मृणालीला ऐकू जाईल इतपत मोठ्याने विचारत.

तिला गाडीची हौस नव्हती. वाढवून घेतलेली रजा संपली होती आणि सोमवारपासून पूर्णगडच्या बाजूच्या आरोग्य केंद्रात नर्स म्हणून पुन्हा हजर व्हायचं होतं. एसटीने घरी पोचायला सात वाजणार, गाडीने साडेचार. मधले अडीच तास आई दिसली नाही की सानवी थोरल्या जावेपाशी काय करते ते तिने एकदा दाराआडून बघितलं होतं. वाटीतलं दूध फुर्र करून उडवते, आणि मग दाराकडे तोंड करून रडते. रडून दमली की हुंदके देत स्वतःचाच अंगठा चोखते. ते अडीच तास मृणालीला हवे होते. बाकी या घराकडे तिचं काही मागणं नव्हतं.

भिंतीवर कायमचा बसवायचा चार्जर घ्यायचा, तर अर्जावर मीटर ज्याच्या नावावर त्याची सही लागते. भावजींनी चष्मा सापडत नसल्याचं सांगितलं. चष्मा त्यांच्या नाकावर होता. म्हणून मग प्लगमध्ये लावून वापरायचा, उचलून कुठेही नेता येणारा चार्जर बघायचा ठरला. शहरातल्या दुकानात ओमकार नावाच्या माणसाने दोन काढून दिले आणि रविवार संध्याकाळपर्यंत एक परत आणून द्यायला सांगितलं. पहिला फोनवरून चालणारा. आंब्याच्या कलमांना पंप लावला असेल तर आपली विजेची ओढ कमी करणारा, आणि सुरू होण्याआधी घराची अर्थिंग, म्हणजे गळकी वीज पत्र्यात न ठेवता जमिनीत उतरवणारी वायर, तपासणारा. अर्थिंग नसली तर हा साफ नाही म्हणतो, असं ओमकारने बजावलं होतं. दुसरा स्वस्त. तो काहीच तपासत नाही.

शनिवारी सकाळी पहिल्याने नाही म्हटलं ते असं.

भावजी उठले, दुसरा चार्जर खोक्यातून काढला आणि स्वतःच्या हाताने लावला. हिरवा दिवा. गाडी निमूट चार्ज व्हायला लागली.

“बघ. वस्तू मुकी असावी,” ते म्हणाले. “घरातली माणसंसुद्धा.”

गोदावहिनी, म्हणजे मृणालीची थोरली जाऊ, कपडे धुण्याच्या मशीनपाशी उभी होती. तिने नवऱ्याची री ओढली. पंधरा वर्षं या घरात कुणाला काही झालं नाही, आता हिच्या गाडीला आमची वीज ओवळी झाली, असं काहीबाही ती भिंतीला सांगत राहिली.

सानवी कडेवरून वाकली. लाळेने भिजलेला हात गाडीच्या दाराकडे गेला. मृणालीने तो इतक्या जोरात मागे ओढला की पोर भेदरून किंचाळली. मृणालीने भिंतीवरचं बटण बंद केलं, प्लग उपटला आणि हा चार्जर परत जाणार म्हणून सांगितलं.

“मग सोमवारी एसटीने जा,” भावजी म्हणाले. “पोरीला रडायची सवय होईल.”

तिने धोंडूकाकांना फोन लावला. घराची वायरिंग त्यांनीच केली होती. न विचारता माणूस बोलावला म्हणून भावजी त्यांना या म्हणाले नाहीत, आणि वहिनीने पाणीही पुढे केलं नाही. म्हाताऱ्याने ते मनावर घेतलं नाही. थेट अंगणात जाऊन तो चिऱ्यांच्या फरशीकडे बघत उभा राहिला.

“हितं माझा पाईप होता.”

त्याने टाचेने एक चिरा ठोकून बघितला.

“अर्थिंगचा पाईप. वीतभर वर काढला होता, पाणी ओतायला. कुठे गेला?”

भावजींना सांगावंच लागलं. गेल्या शिमग्यात पालखी अंगणात नाचवायची होती. खांदेकऱ्यांच्या पायात तो पाईप यायचा. म्हणून त्यांनी तो जमिनीसरशी कापला, वायर तोडली आणि वरून चिरे बसवून अंगण सपाट केलं. पालखी झकास नाचली होती. गावात अजून त्या अंगणाचं नाव निघतं.

“देवाच्या वाटेत लोखंड ठेवू काय?” ते धोंडूकाकांवर डाफरले.

“ठेवू नको. दुसरीकडे लाव म्हणून मला सांगायचंस.”

धोंडूकाका मशीनपाशी गेले आणि त्यांनी टेस्टरचं टोक पत्र्याला टेकवलं. टेस्टरमधला बारका दिवा तांबूस पेटला. वहिनी बघत होती. मग तिने स्वतःचे तळवे बघितले.

“शिमग्यापासनंच,” ती म्हणाली. “मला मुंग्या येतात ते शिमग्यापासनंच.”

तेव्हा मृणालीला आठवलं. वहिनी रोज जेवणानंतर एक लाल गोळी घ्यायची. अशक्तपणा आहे, असं भावजींनी घरात जाहीर करून टाकलं होतं. मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात हे तिने त्यांना दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा तिच्या वयावरून चेष्टा झाली. मृणाली नर्स, पण तिलाही वहिनीने कधी विचारलं नाही. धाकट्या जावेला विचारायचं म्हणजे मान खाली घालायची.

पाईप नवा घालावा लागेल, पण अंगणातला सुका कातळ काही कामाचा नाही, ओलीची जागा हवी, असं धोंडूकाका सांगू लागले. माझ्या घरात खणायचं नाही, एवढंच भावजी म्हणाले.

वहिनी आत गेली. बाहेर आली ती पहार घेऊन. मागच्या मोरीपाशी जिथे बारा महिने पाणी मुरतं तिथे तिने ती उभी टेकवली.

“हितं खणा.”

“गोदा,” भावजींनी दम भरला.

“तुमी चष्मा शोधा,” ती म्हणाली.

रविवारी दुपारपर्यंत जमिनीत पाईप गेला, मीठ गेलं, कोळसा गेला. भावजी दिवसभर आंब्याच्या कलमांत होते. जेवायलासुद्धा आले नाहीत, आणि त्यांना बोलवायला कुणी गेलंही नाही. मृणालीने शहाणा चार्जर लावला. लाल दिवा क्षणभर थांबला, विझला, मग हिरवा झाला. दुसऱ्याचं खोकं तिने ओमकारला परत द्यायला बांधून ठेवलं.

वहिनी बादली घेऊन आली आणि पाईपाच्या तोंडात पाणी ओतू लागली.

“तुझ्या गाडीसाठी नाय हां,” ती वर न बघता म्हणाली. “ती मला आजपण डोळ्यांसमोर नको.”

“बरं.”

“आणि साडेचार म्हणजे साडेचार. तुझी पोर माझ्या हातचं घोटभर पीत नाय.”

मृणालीने मान हलवली. वहिनी बादली ठेवून मशीनपाशी गेली, ओला तळवा पत्र्यावर सपाट टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवून उभी राहिली.