नळीमागची बाई

आईचं थांबणं मोठं देखणं असतं. हॉलंडमधल्या नीउ-व्हेनेपच्या आमच्या घराचा जिना अरुंद आणि उभा. सातव्या पायरीशी ती थांबायची, खिडकीतून उतरणाऱ्या जूनच्या लांबलचक उजेडाकडे पाहायची आणि ‘केवढं ऊन गं तुमच्याकडे’ म्हणायची. कालव्याकाठी तिला बदकं दिसायची, पुलाचा चढ आला की कुणाच्या तरी कुंडीतली फुलं. तीन महिन्यांसाठी आलेली आई या देशाच्या प्रेमात पडली, असं मी मैत्रिणींना कौतुकाने सांगत होते. मीही कमाल मूर्खच.

खोकला अण्णांचा, माझ्या वडिलांचा होता. तो त्यांच्या आधी खोलीत यायचा, म्हणून घरादाराचं लक्ष त्यांच्याकडे. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या मांडवाखाली फवारणी केली. आभाळ भरून आलं की रोगाच्या धास्तीने बागवाल्यांची बोलावणी यायची. अण्णा पुढे फवारत जायचे, आणि आई दहा पावलं मागून नळी सांभाळत चालायची, कारण नळी खांबाला अडकली की काम अडायचं. मांडवाकडे उडालेलं धुकं हिवाळ्यातल्या कोवळ्या प्रकाशात क्षणभर सोनेरी व्हायचं आणि मग, कसलीही घाई नसल्यासारखं, सावकाश खाली उतरायचं. शाळेला जाताना बांधावरून दिसणारं ते दृश्य मला फार आवडे. नाकाला पदर बांधलेली आई त्या धुक्यातून बाहेर यायची, तेव्हा तिच्या पापण्या पांढुरक्या झालेल्या असायच्या. ती हात हलवून मला दूर राहायला सांगायची. तिला सगळं कळत होतं. मला कळायला चाळिशी उलटावी लागली.

एका संध्याकाळी गावाबाहेरच्या लिलीच्या शेतात फवारणीचा ट्रॅक्टर चालला होता. चालक बंद काचेच्या केबिनमध्ये, कानाला गाणी लावून. अण्णा सायकलरस्त्याच्या कडेला कितीतरी वेळ उभे राहिले. मागे कुणीच नाही, एवढंच ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांना आमच्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. आई सोबतीला. अण्णा श्वास मोजायच्या यंत्रात फुंकले. डॉक्टरीणबाईंनी सिगारेटचं विचारलं. विडीलाही कधी हात लावला नाही, पण फवारणी आयुष्यभर केली, असं मी सांगितलं. फुप्फुसांचं गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते जपा, असं त्या शांतपणे म्हणाल्या. मी ते मराठीत सांगितलं. अण्णांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

‘त्यांना सांग, मी पुढे होतो,’ ते म्हणाले. ‘ही मागे होती. मी उडवलेलं सगळं हिच्यावर पडायचं.’

‘मला काय धाड भरलीय?’ आई म्हणाली, आणि खिडकीबाहेर काही बघण्यासारखं आहे का ते शोधू लागली.

तिलाही फुंकायला लावलं. पाहुणीने घास मोडावा तशा संकोचाने ती फुंकली. बाईंनी आणखी दोनदा फुंकायला सांगितलं. पडद्यावरची तिची रेघ अण्णांच्या रेघेच्याही खाली राहिली. मला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त लाज वाटली. परतताना पुलाच्या चढावर आई थांबली तेव्हा तिने फुलांचं नाव काढलं नाही. आम्ही तिघं तिचा श्वास परत येईपर्यंत नुसते उभे राहिलो.

ते गावी गेले. दोघांनीही फवारणी कायमची सोडली. परवा फोनवर मी विचारलं, आता त्या बागांत कोण जातं? अण्णा म्हणाले, ‘एक नवं जोडपं आलंय. नळी ती धरते.’ माणूस उठून गेल्यावर त्याची जागा रिकामी राहते आणि तिथेच स्मृती वस्तीला येते, असं मी मानत आले होते. पण आईची जागा एक हंगामही रिकामी राहिली नाही, आणि हल्ली तिची आठवण काढायला गेलं की धुक्यातून एक तरुण बाई बाहेर येते, जिला मी कधी पाहिलेलं नाही.