नाके उठवण्याची अर्जी

उज्जैनच्या शाळांत मुलं ज्या शाईने लिहीत, ती अहल्याबाईंच्या अंगणात व्हायची. नवरा गेल्यावर त्यांनी शाईच्या भुकटीच्या पुड्या बांधायला घेतल्या. हाताखाली कुसुम आणि आणखी दोघी बाया. उज्जैन ग्वाल्हेर रियासतीत होतं; इंदुरी शाईला रियासतीच्या नाक्यावर जकात पडे, म्हणून यांची पुडी बाजारात टिकून होती.

अठ्ठेचाळीस साली रियासती एक होऊन मध्य भारत झाला, पण रस्त्यांवरचे नाके काही उठले नव्हते. पुढच्या संक्रांतीला अहल्याबाईंचे धाकटे दीर प्रभाकर तिळगूळ आणि एक अर्जी घेऊन आले. देवास गेटला त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. निम्म्या पुड्या तिथूनच खपत.

"वहिनी, दस्तखत करा. नाके उठले की तुमची शाई इंदूरच्या शाळांत बिनजकात जाईल."

"आणि तिकडची इकडे आली तर?"

"मी दुकानात बसलोय ना? तुमची पुडी सोडून दुसऱ्याचा माल विकेन का?"

अहल्याबाईंनी सही केली. वर गल्लीतल्या पापडवाल्या बायांच्याही सह्या गोळा करून दिल्या.

उन्हाळ्यात नाके उठले. शाळा उघडायची वेळ आली तरी प्रभाकरांकडून मागणी येईना, तेव्हा त्या स्वतःच दुकानात गेल्या. फळीवर इंदूरच्या कारखान्याच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या.

"एजन्सी घेतली, वहिनी. पुडी भिजवत आता कोण बसतं?"

एजन्सीचा कागद काचेत घालून भिंतीवर टांगला होता. अहल्याबाईंनी तारीख वाचली. गेल्या दिवाळीची होती.

"म्हणजे अर्जी आणलीत तेव्हा हे ठरलेलं होतं."

"मी नसती घेतली तर दुसऱ्या कोणी घेतली असती."

"दुसऱ्या कोणाला मी सही दिली नसती."

प्रभाकर बाटल्या पुसू लागले.

पुड्यांची पिशवी घेऊन अहल्याबाई इंदूरलाही जाऊन आल्या. तिथल्या शाळांत हीच बाटली, तीही स्वस्त. पिशवी होती तशीच परत आली.

आठवड्याने कुसुम दारात येऊन उभी राहिली. "प्रभाकर भाऊसाहेबांनी बाटल्यांना लेबलं चिकटवायला बोलावलंय. जाऊ का?"

अहल्याबाईंच्या अगदी ओठावर आलं होतं, की त्या माणसाच्या दारात पाऊल ठेवू नकोस. पण कुसुमच्या घरी खाणारी पाच तोंडं होती.

"जा," त्या म्हणाल्या. "मजुरी रोजच्या रोज घे. त्यांच्या शब्दावर काही सोडू नकोस."

पावसाळ्यानंतर त्या रामघाटाजवळ यात्रेकरूंच्या स्वयंपाकाला लागल्या. सणावारी दिराकडून बोलावणं येत राहिलं, पण त्या घरी त्या पुन्हा जेवल्या नाहीत.