एका देवकाचं कॉलेज

आवडा बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि त्याच संध्याकाळी तिच्या घरी हिंदू धर्म संकटात सापडला.

तोपर्यंत तो ठीक होता. निदान पाचोडजवळच्या त्या वस्तीवर तरी त्याची कुरकुर कुणाच्या कानावर आली नव्हती. पण निकालाचा पेढा खायला आवडाचे मोठे काका आप्पासाहेब शहरातून आले, आणि दुसरा पेढा उचलता उचलता म्हणाले, "बन्सी, दिवस वाईट आहेत. पोरीला आपल्या माणसांच्या कॉलेजातच घालायचं."

बन्सी म्हणजे आवडाचे वडील. ते धाकटे असल्यामुळे त्यांचं मत काय आहे हे त्यांना मोठ्या भावाकडून कळत असे. ते म्हणाले, "व्हय दादा."

आपल्या माणसांचं कॉलेज म्हणजे सिडकोतलं धर्मवर्धिनी महाविद्यालय. ते आप्पासाहेबांच्या फ्लॅटच्या मागच्याच गल्लीत होतं. धर्म आणि फ्लॅट इतके जवळजवळ असणं हा योगायोग आहे, असं आप्पासाहेब म्हणत. आवडाला हा योगायोग आतून माहीत होता, कारण तिची थोरली बहीण लक्ष्मी त्यात तीन वर्षं राहून आली होती. लक्ष्मीचा बी.ए.ला विषय इतिहास होता. तो आता तिला आठवत नाही. पण काकूच्या स्वयंपाकघरातलं कुठलं पातेलं कुठल्या पातेल्यात बसतं, हे ती आजही झोपेत सांगते. लक्ष्मीचं लग्न झाल्यापासून आशाकाकूंना घर खायला उठत होतं. म्हणून बारावीचा निकाल लागायच्या आधीच त्यांनी भांडेवालीला कळवून टाकलं होतं की जूनपासून येऊ नकोस.

आवडाला हर्सूलकडचं बहार-ए-इल्म कॉलेज हवं होतं. त्याला मुलींचं होस्टेल होतं, आणि होस्टेलच्या लायब्ररीत जेवणानंतर दिवा मालवेपर्यंत बसता येत होतं, असं तिच्या शाळेतल्या एका मुलीनं सांगितलं होतं. जेवणानंतर बसणं ही कल्पना आवडाच्या डोक्यातून जाईना. आपल्या घरातली बाई जेवणानंतर बसलेली तिनं अजून पाहिली नव्हती.

"बहार-ए काय?" आप्पासाहेब म्हणाले.

"इल्म," आवडा म्हणाली.

आप्पासाहेबांनी पेढा खाली ठेवला. यावरून प्रसंग किती गंभीर आहे ते सगळ्यांना कळलं.

पण शेवटचा शब्द दोघांचाही नव्हता. तो सांडूबाबांचा होता. सांडूबाबा म्हणजे आवडाचे आजोबा. त्यांचं शिक्षण काहीच झालेलं नव्हतं, पण आसपासच्या गावांतल्या निम्म्या सोयरिकी त्यांनी जुळवल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्या मोडल्या होत्या. कॉलेज म्हणजे काय हे त्यांना नीट ठाऊक नव्हतं. तेव्हा आप्पासाहेबांनीच त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं.

"बाबा, कॉलेज म्हंजी दुसरं सासरच समजा. घराणं बघितल्याशिवाय पोरगी द्यायची का?"

सांडूबाबा सावरून बसले. त्यांनी चष्मा पुसला, फेटा मागवला. "मग असं सांग की, स्थळ बघायचंय," ते म्हणाले. "दोन्ही ठिकाणं बघू. बघितल्याशिवाय नाय म्हणणं बरं नाय दिसत."

आवडाची आई चतुराबाई चुलीपुढून हळूच म्हणाली, "पोरीला बी घेऊन जा. तिला काय विचारलं तर." कुणी काही विचारणार नाही हे तिला माहीत होतं, म्हणून तर तिनं ते सुचवलं.

शनिवारी मंडळी निघाली. आप्पासाहेब वाटभर संभाजीनगर म्हणत होते, सांडूबाबा औरंगाबाद म्हणत होते, आणि एसटीनं दोघांनाही सिडको बसस्टँडवरच उतरवलं. तिथं रिक्षावाल्याला बन्सी म्हणाले, "हर्सूल चलो."

रिक्षावाल्यानं म्हातारा पाहिला, फेटा पाहिला, सगळ्यांचे पडलेले चेहरे पाहिले, आणि हलक्या आवाजात विचारलं, "जेल जाना क्या चाचा? किसकी मुलाखात है?"

"कॉलेजला," आवडा म्हणाली.

"अच्छा," तो म्हणाला, आणि तरीही गाडी जपून चालवली. हर्सूलचं नाव काढलं की सगळ्यांना आधी तिथलं जेलच आठवतं.

बहार-ए-इल्मचं आवार पाहून आप्पासाहेबांची पंचाईत झाली. त्यात नाव ठेवायला जागाच सापडेना. चिंचेची झाडं होती, कडुनिंबाची होती, बांधीव विहीर होती, आणि विहिरीवर एक मोर बसला होता. आप्पासाहेबांनी मोराकडे संशयानं पाहिलं, पण मोर राष्ट्रीय असल्यामुळे त्यांना काही बोलता आलं नाही. सांडूबाबांनी वाकून चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली आणि म्हणाले, "जमीन चांगलीय. हिथं कापूस आला असता."

"बाबा, शेती नाय बघायची," आप्पासाहेब म्हणाले.

"स्थळाची जमीन बघत नस्तेत व्हय?"

होस्टेलच्या रेक्टर निकहत मॅडम सामोऱ्या आल्या. त्या वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि मराठी आप्पासाहेबांपेक्षा शुद्ध बोलत. यंदा त्यांना मुली कमी पडत होत्या, त्यामुळे कॉलेजनं माहितीपत्रकावर कपाळाला टिकली लावलेली एक हसरी मुलगी छापली होती. ही मुलगी या कॉलेजात कधीच नव्हती. आप्पासाहेबांनी ते पत्रक उलटसुलट करून पाहिलं. मागच्या बाजूला केशरी पट्टा होता. तोही त्याच कारणानं ठेवलेला.

कँटीनमध्ये चहा घेताना गल्ल्यावर तुळशीची माळ घातलेला माणूस निघाला. तो पाचोडचाच, कडूबा. "दहा साल झाले हिथं," तो म्हणाला. "अंडं सुद्धा शिजवत नाय. पोरं बाहीर जाऊन खात्यात अन् परत येऊन माझ्या चहाला नावं ठेवत्यात."

आता आप्पासाहेबांकडे एकच अस्त्र उरलं होतं. ते त्यांनी सांडूबाबांच्या कानाशी काढलं. "बाबा, बाकी ऱ्हाऊ द्या. ह्यांचं देवक विचारा."

देवक म्हणजे कुळानं पूजायची खूण. कुणाची एखाद्या झाडाची डहाळी असते, कुणाचं मोरपीस. लग्नात तिची पूजा होते, आणि दोन घरांचं देवक एकच निघालं तर ती भाऊ-बहीण ठरतात, सोयरीक होत नाही. आप्पासाहेब समाजाच्या वधूवर मंडळाचे चिटणीस होते. मागच्याच साली साखरपुडा झालेलं एक लग्न त्यांनी देवक एक निघालं म्हणून मोडलं होतं, आणि ते मोडल्याची हकिगत ते लग्न लावल्याच्या थाटात सांगत.

सांडूबाबांनी बशी खाली ठेवली. "बाई, तुमचं देवक काय?"

 प्रवेशासाठी आजवर हा प्रश्न निकहत मॅडमना कुणी विचारला नव्हता. "आमच्यात देवक नसतं, बाबा," त्या म्हणाल्या.

"बघा," आप्पासाहेब विजयानं म्हणाले. "देवकच नाय."

"नाय म्हंजी नाय," सांडूबाबा म्हणाले, आणि त्यांनी ती गोष्ट मनात एका बाजूला ठेवली. आवडानं ती ठेवताना पाहिली.

दुपारी मंडळी धर्मवर्धिनीला पोचली. हे कॉलेज एका मंगल कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली लग्न होतं. जिन्यात अक्षता पडल्या होत्या, आणि पायरीवर बसलेला एक वाजंत्री वर जाणाऱ्या प्रत्येकाला जेवून जा म्हणून सांगत होता. सांडूबाबा आणि बन्सी जेवायलाच वळले होते. आप्पासाहेबांनी दोघांना दंडाला धरून वर आणलं.

आवार म्हणून गॅलरीत प्लास्टिकच्या बादलीत एक तुळस होती.

प्रा. बद्रीनाथ यांनी सगळ्यांचं हात जोडून स्वागत केलं. ते इतिहास शिकवीत. यंदा मुलं भरली नाहीत तर त्यांच्या पदावर गंडांतर येणार होतं, म्हणून मे महिनाभर ते गावोगाव फिरत होते. आवडा सायन्सची होती ही त्यांच्या दृष्टीनं किरकोळ अडचण होती. "सायन्सलाबी इतिहास असतोच की," ते म्हणाले.

भिंतीवर गुणवंतांचा फलक होता. बन्सींना काहीतरी करायचं म्हणून त्यांनी तो मोठ्यानं वाचायला घेतला. "पहिली, शेख समरीन. दुसरी, पठाण..."

"ते जाऊ द्या," प्रा. बद्रीनाथ म्हणाले. "नवीन फलक रंगवायला टाकलाय."

मग त्यांनी संस्थेची महती सांगायला सुरुवात केली. खाली बँड वाजायला लागला, तसा त्यांनी सरावानं आवाज वर नेला. संस्कार, परंपरा, आपली माणसं, आपली माती. मातीच्या वेळी सांडूबाबांनी खाली पाहिलं. फरशी होती. आप्पासाहेब मात्र मान डोलावत होते. आशाकाकूंचा फोन मध्येच येऊन गेला, आणि आप्पासाहेब त्यात एवढंच म्हणाले की झालंच आता, संध्याकाळी पोरीला दाखवून ठेव सगळं, कुठं काय ठेवायचं ते.

आवडानं वर पाहिलं. प्राध्यापकांच्या डोक्यामागं संस्थेचं चिन्ह टांगलं होतं. त्यात उगवता सूर्य होता, तलवार होती, उघडं पुस्तक होतं, आणि त्या सगळ्यांवरून एक पानांची डहाळी वळवून घेतली होती. असली पानं तिनं आधी पाहिली होती. लक्ष्मीच्या लग्नात, सुपात, हळदीकुंकू वाहिलेली.

"सर," आवडा म्हणाली. सकाळपासून तिचं हे दुसरंच बोलणं होतं. "ती डहाळी कशाची?"

प्रा. बद्रीनाथांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत चिन्हाबद्दल विचारणारी ही पहिली विद्यार्थिनी होती. "शाब्बास. बारकाईनं बघते पोरगी. तो कळंब. आमच्या संस्थापक अध्यक्षांचं देवक. त्यांनी कॉलेज काढलं तेव्हा देवाऱ्यातली डहाळी आणून पायाभरणीला पुजली. हे कॉलेज म्हंजी त्यांचं घराणंच."

"कळंब," आप्पासाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, आमचं बी कळंबच. बाबा, ऐकलं का? मी म्हणत नव्हतो? सख्खं निघालं. आपलंच रक्त."

 सांडूबाबांनी पुढ्यातली चहाची कपबशी अलगद पलीकडे सरकवली. सोयरिकीच्या बैठका पाहिलेल्या माणसाला याचा अर्थ कळतो. बन्सींना कळला. त्यांनी घाईघाईनं आपलाही कप सरकवला.

"आप्पा, ऊठ," सांडूबाबा म्हणाले.

"काय झालं बाबा?"

"देवक एकच. भाऊकीत पोरगी देतो व्हय?"

खालचा बँड नेमका त्याच वेळी थांबला. आप्पासाहेब हसले, मग थांबले, मग त्यांनी परत हसून पाहिलं. "बाबा, हे कॉलेज आहे. लगीन नाय."

"तूच म्हणला ना दुसरं सासर."

"म्हणलं, पण ते आपलं म्हणायचं म्हणून."

"मला म्हणायचं म्हणून सांगतो? ह्या वयात मला खोटं स्थळ दाखवायला आणलं?"

आप्पासाहेबांनी प्राध्यापकांकडे पाहिलं. "सर, तुम्ही सांगा की. हल्ली असलं कोण पाळतं."

हे बोलल्यावर त्यांना आठवलं असावं की मागच्या साली मोडलेला तो साखरपुडा प्रा. बद्रीनाथांच्या पुतण्याचा होता.

प्रा. बद्रीनाथांनी चिन्हाकडे पाहिलं. एका बाजूला त्यांचं पद होतं. दुसऱ्या बाजूला पुतण्या होता, त्याचा परत आलेला सूट होता आणि हॉलचे बुडालेले पैसे होते. "नाय आप्पासाहेब," ते शेवटी म्हणाले. "एका देवकात नाय चालत. तुम्हीच मंडळात ठराव केला. मी हजर होतो."

"मग?" आप्पासाहेब म्हणाले.

"मग काय," सांडूबाबा उठत म्हणाले. "सकाळच्या बाईंच्यात देवकच नाय. आडवं यायला काय हाय तिथं? जमीन चांगली, पाणी चांगलं. तिथं देऊन टाकू." मग प्राध्यापकांकडे वळून, नकार द्यायचा असतो तेव्हा द्यायचा तो हळुवार आवाज काढून ते म्हणाले, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुमचं घराणं चांगलंय. योग नाय."

जिना उतरताना मात्र त्यांनी जेवणाचा आग्रह मोडला नाही. लग्न परक्या देवकाचं होतं. आवडाही जेवली. आप्पासाहेब नाही जेवले. ते बाहेर उभे राहून फोनवर आशाकाकूंना काहीतरी समजावत होते आणि ते काकूंना समजत नव्हतं. भांडेवालीला परत बोलवायचं ठरलं, पण तिनं तोवर दुसरं घर धरलं होतं.

वस्तीवर बातमी पसरली की बन्सीची पोरगी हर्सूलला गेली. दोन-तीन बाया चतुराबाईला भेटायला आल्या आणि किती वर्षांची झाली ते विचारू लागल्या. "तीन," चतुराबाई म्हणाली. "चांगली वागली तर पुढंबी ठेवून घेत्याल." आणि नेहमीसारखं न उठता ती तशीच बसून राहिली.

होस्टेलवर पहिल्या संध्याकाळी वांग्याची भाजी होती. जेवणं झाल्यावर निकहत मॅडम मोरीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथं एकच नियम. आपलं ताट आपण धुवायचं."

आवडा ताट घेऊन उभी राहिली. तिच्यामागं मुलींची रांग होती.

"आपलं म्हंजी," तिनं विचारलं, "किती जणांचं?"

मॅडमना प्रश्न कळला नाही. त्यांनी तिच्या हातातल्या ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुझं," त्या म्हणाल्या. "एक."

आवडानं ते एक ताट इतका वेळ धुतलं की मागची रांग ओरडायला लागली. मग हात पुसून ती लायब्ररीत गेली, आणि तिथं कोणतं पुस्तक काढायचं ते न ठरवता नुसतीच बसली.