वाचून सही करा

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या त्या कारखान्याच्या पायऱ्या ती आठ वर्षांनी चढली, आणि प्रत्येक पायरीला तिने मनातल्या मनात हसरेसाहेबांच्या नावाने एक शिवी घातली. पायऱ्या चौदा होत्या. शिव्या कमी पडल्या नाहीत.

हसरे हे त्यांचं आडनाव नव्हतं. ते कारखान्याचे मॅनेजर, आणि कायम हसायचे म्हणून कामगारांनी ठेवलेलं ते नाव. रजा नामंजूर करताना ते हसायचे, माणूस कामावरून काढताना तर जरा जास्तच. आठ वर्षांपूर्वी तिला काढलं तेव्हाही ते असेच तोंडभर हसले होते.

तेव्हा ती इथलं नेटवर्क सांभाळायची. दुकानदारांकडून चष्म्याचे नंबर कॉम्प्युटरवर यायचे, तिथून ते वायरीने घासायच्या यंत्रांकडे जायचे आणि यंत्रं त्या नंबराची काच घासायची. एके दिवशी यंत्रांना नंबर मिळेनासे झाले. तीन दिवस एक काच बाहेर पडली नाही. तिने जेवणखाण सोडून वायरन् वायर तपासली, आणि तिसऱ्या दिवशी तिला नेटवर्कवर एक अनोळखी यंत्र दिसलं. अशा प्रत्येक यंत्राला जन्मापासून बारा अक्षरांचा एक क्रमांक असतो, माणसाच्या अंगावरच्या खुणेसारखा. तो तिने वहीत उतरवला आणि साहेबांना दाखवला. ‘हे यंत्र कुठे आहे ते शोधायला हवं,’ म्हणाली. साहेब म्हणाले, ‘बघू.’ तासाभरात ते यंत्र नेटवर्कवरून गायब झालं आणि कारखाना आपोआप सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिच्यापुढे एक कागद सरकवला. ‘अगं, औपचारिकता आहे नुसती. कर सही.’ तीन दिवस न झोपलेली ती, तिने न वाचताच केली. कागदावर लिहिलं होतं की माझ्या हातून चूक झाली आणि मी ती कबूल करते. संध्याकाळपर्यंत तिची नोकरी गेली होती.

नोकरीचं एवढं काही नव्हतं, दुसरी मिळाली. पण तिचे बाबा टेलिफोन खात्यातले लाइनमन. उभा जन्म खांबावर चढून तारा जोडण्यात गेलेला, आणि मुलगीही तारांच्याच कामात शिरली म्हणून गावभर सांगत सुटलेले. त्यांनी तो कागद बघितला आणि एवढंच विचारलं, ‘सही तुझीच आहे ना? मग चूक तुझीच.’ त्या दिवसापासून त्यांनी तिच्या कामाचं नाव काढलं नाही. नातेवाइकांना सांगायचे, ती कुठल्याशा क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवते. ती समोर बसलेली असतानाही असंच सांगायचे.

माफ करावं, विसरावं, असं थोर लोक म्हणतात. ती थोर नव्हती. ती वही तिने आठ वर्षं कपड्यांच्या कपाटात जपून ठेवली होती, आणि ती बारा अक्षरं तिला झोपेतून उठवून विचारली असती तरी घडाघडा सांगता आली असती.

आता ती नेटवर्क तपासणाऱ्या एका कंपनीत होती. कारखाना म्हाताऱ्या मालकांच्या सुनेकडे आला होता, सगळे तिला धाकट्या बाई म्हणत. रोज दुपारी यंत्रं तासभर बंद पडायची. कामगार त्याला यंत्रांची वामकुक्षी म्हणायचे आणि खुशाल गप्पा मारायचे. धाकट्या बाईंना हे काही पटेना. त्यांनी तिच्या कंपनीला पत्र लिहिलं: ‘आमच्याकडे कुठे काय जोडलंय हे आम्हाला कुणालाच ठाऊक नाही. सगळं तपासून द्या.’ ते पत्र ऑफिसात आलं तेव्हा ती आपण होऊन म्हणाली, ‘मी जाते.’ जुनी नोकरीही तिने सांगितली. तिचे वरिष्ठ म्हणाले, जा, पण जे दिसेल तेच लिही. तिला तेवढंच हवं होतं.

‘अगं, तू!’ हसरेसाहेब दारातच म्हणाले. ‘छान झालं हो. आपलंच माणूस.’

‘हो ना,’ ती म्हणाली. दातओठ खायचे ते तिने जिन्यातच खाऊन घेतले होते.

तीन दिवस ती खोल्या फिरली. काचा घासायच्या खोलीत तिच्या वेळच्या जुन्या मिस्त्रीने तिला ओळखलं, आपलं स्टूल दिलं. तिने प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते कागदावर काढलं. त्यात एकेक निघत गेलं. रोजच्या कामाची प्रत ज्या डिस्कवर जायची ती दोन वर्षांपूर्वीच भरली होती, त्यामुळे दोन वर्षं कसलीच प्रत निघत नव्हती आणि कुणाला पत्ता नव्हता. पाहुण्यांच्या वायफायवरून थेट घासायच्या यंत्रांपर्यंत पोचता येत होतं. सोडून गेलेल्या माणसांचे पासवर्ड अजून चालू होते. त्या यादीत तिचं स्वतःचं नाव होतं.

तिने आपला जुना पासवर्ड टाकला. दार उघडलं. बसल्या जागी अख्खा कारखाना आडवा करता आला असता, आणि हसरेसाहेबांची पाचावर धारण बसलेली बघता आली असती. खरं सांगायचं तर बोटं शिवशिवली. पण मग पुन्हा तीच चोर ठरली असती. तिला हे सगळं कागदावर हवं होतं, आणि कागदाखाली त्यांची सही हवी होती. तिने यादीत आपल्या नावापुढे ‘चालू आहे, बंद करावा’ असं लिहिलं आणि बाहेर आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात त्या खोलीत ती मुख्य पेटीपाशी बसून राहिली. सव्वादोनला सतरा नंबरच्या जोडणीवर दिवा लागला. नोंदवहीत ही जोडणी बंद म्हणून लिहिलेली होती. वायर जात होती मॅनेजरच्या केबिनमध्ये, फायलींच्या कपाटामागे. तिने पडद्यावर क्रमांक वाचला. पहिली दोन अक्षरं वाचली तेव्हाच पुढची दहा तिच्या ओठांवर होती.

घरून आणलेला वायफायचा डबा. यंत्रं नेटवर्कला विचारतात, माझा पत्ता काय? तिथे उत्तर देणारा एकच असायला हवा. हा डबा मध्येच तोंड घालून भलतेच पत्ते वाटायचा, आणि ते घेऊन यंत्रं भलतीकडेच नंबर मागत बसायची. साहेबांना ऑफिसात क्रिकेटचे सामने बघायचे असायचे, त्यासाठी हा खटाटोप. म्हातारे मालक यायचे बंद झाल्यावर तो रोजचाच झाला होता.

तिच्या कंपनीचा नियम असा की प्रत्येक जागेचा एक कागद, आणि प्रत्येकावर कारखान्याच्या माणसाची सही. एकतीस कागद झाले होते. तो माणूस अर्थातच हसरेसाहेब. ती गठ्ठा घेऊन गेली तेव्हा ते बैठकीच्या टेबलाशी फोन टेकवून बसले होते, फोनवर सामना. तो कुठल्या डब्यातून येतोय हे दोघांनाही ठाऊक होतं. तिला ठाऊक आहे हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

‘माझी केबिन तपासायची राहिली की तुझी,’ ते म्हणाले. ‘पण तिथे काय, माझा एक कॉम्प्युटर.’

‘गरज नाही पडली, साहेब. वाचून सही करा.’

‘तुझ्यावर विश्वास नाही का मला?’ ते सह्या करू लागले. एक डोळा फोनवर.

दहाव्या कागदाला ती पुन्हा म्हणाली, ‘वाचून घ्या, साहेब.’ त्यांनी नुसता हात हलवला. बाविसाव्यानंतर तिने त्यांचा हात थांबवला. ‘पुढचा तरी नीट वाचा. महत्त्वाचा आहे.’

‘अगं, औपचारिकता असते ही,’ हसरेसाहेब हसून म्हणाले, आणि तेविसाव्या कागदावर त्यांनी झोकदार सही ठोकली.

बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. धाकट्या बाई, मिस्त्री, हिशेबाचे दोन कारकून, हसरेसाहेब आणि ती. बाई एकेक कागद मोठ्याने वाचत होत्या. डिस्कचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. तेविसावा कागद हातात घेतल्यावर त्यांचा आवाज हळू झाला.

‘मॅनेजरच्या केबिनमध्ये कपाटामागे विनापरवाना वायफायचा डबा. रोजच्या बंद पडण्याचं कारण हेच. आठ वर्षांपूर्वी कारखाना तीन दिवस बंद होता तेव्हा नेटवर्कवर दिसलेलं यंत्र आणि हा डबा एकच. क्रमांक खाली दिला आहे, जुन्या वहीची प्रत सोबत. वरील मजकूर वाचला, मान्य आहे.’ बाईंनी मान वर केली. ‘साहेब, ही सही तुमची?’

हसरेसाहेबांच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी वाळलं. ‘बाई, मी ते वाचलं नव्हतं.’

‘मीही वाचलं नव्हतं, साहेब,’ ती म्हणाली.

मिस्त्री उठला, केबिनमध्ये गेला, कपाट सरकवल्याचा आवाज आला. डबा उलटा करून त्याने बाईंपुढे ठेवला. तळाशी चिकटवलेली बारा अक्षरं त्याने सावकाश वाचली. ती वहीत बघत नव्हती, साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होती. आठ वर्षं तिने हा चेहरा मनात रंगवला होता. खरा त्याहून बरा निघाला.

दुपारपर्यंत साहेबांनी टेबलाचे खण रिकामे केले. बाईंनी तिला कारखान्याच्या शिक्क्याचं पत्र दिलं: ती चूक तुमची नव्हती.

घरी आल्यावर तिने पत्र आणि तेविसावा कागद बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. मग पुन्हा वाचले.

‘सही त्याचीच आहे ना?’

‘त्याचीच.’

‘मग चूक त्याचीच.’ त्यांनी समाधानाने कागदाची घडी घातली. विषय मिटला, असं त्यांना वाटलं असावं.

‘आणि माझी आठ वर्षं?’ ती म्हणाली. ‘त्याने कागद पुढे केला, बाबा. विश्वास तुम्ही ठेवलात. मी समोर होते. मला एकदा विचारलं असतंत, तर पुरे होतं.’

बाबा चष्मा काढून पुसत बसले.

तिने पिशवीतून आणखी एक कागद काढला. त्यावर अकरा नावं होती: आत्या, थोरले काका, मावशी, बाबांचे लाइनमन मित्र, शेजारच्या काकू. क्लासमध्ये शिकवते असं ज्यांना ज्यांना सांगितलं होतं ते सगळे. प्रत्येक नावापुढे फोन नंबर, आणि त्यापुढे एक रिकामी चौकट.

‘वाचून घ्या आधी,’ ती म्हणाली.

बाबांनी चष्मा पुन्हा लावला. सगळी नावं वाचली. मग फोन जवळ ओढून पहिला नंबर फिरवला, आणि आत्याने उचलल्यावर घसा खाकरून म्हणाले, ‘अगं, मी बोलतोय. पोरीबद्दल तुला एक खोटं सांगितलं होतं.’

ती समोर बसून राहिली. फोन झाला की यादी पुढे सरकवायची, पेन द्यायची. अकराही चौकटींत तिने त्यांची सही घेतली.