छतावरची जोडसायकल

नवी गाडी घरी आली तेव्हा तिचा आवाज आला नाही, आणि तिथूनच माझं तिच्याशी बिनसलं.

नवऱ्याने फोन करून सांगितलं होतं, खाली फाटकाशी येऊन थांब, आणतोय. मी काठी घेऊन खाली आले आणि कान लावून उभी राहिले. आमची जुनी डिझेल व्हॅन कोपऱ्यावर वळली की असा काही ठसका द्यायची की मला तिसऱ्या मजल्यावर कळायचं. मग मी दाराची कडी काढून ठेवायची. ही पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी हायब्रिड माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबली तरी मला पत्ता नाही. एकदम काच सरकल्याचा आवाज आला आणि नवरा म्हणाला, "बघ, काही ऐकू आलं?"

ज्या बाईला उजेड आणि अंधार सोडून काही दिसत नाही, तिला हा प्रश्न विचारायला मोठं काळीज लागतं. मी म्हणाले, "नाही आलं. उद्या अशीच अंगावर घाल, म्हणजे कळायचंही नाही."

"बाहेर बारीक आवाज येतो तिचा. मुद्दाम ठेवलाय, पायी चालणाऱ्यांसाठी."

"रस्त्यावर बस उभी आहे, तिच्यापुढे तुझा बारीक आवाज कुठे येणार?"

तो हसला. गाडी नवी असली की माणूस कशालाही हसतो. मी दार उघडलं, मागची सीट चाचपली, सीटची पाठ चाचपली, मग मागे जाऊन डिकी उघडायला लावली आणि आत हात घातला. माझा हात कोपरापर्यंत गेला आणि थांबला. खाली बॅटरी असल्यामुळे तळ वर आला होता.

"जोडसायकल कुठे बसणार?" मी विचारलं.

नवरा गाडीच्या मायलेजबद्दल बोलायला लागला.

जोडसायकल म्हणजे दोघांची सायकल. एकाच सांगाड्यावर दोन सीट, दोन हँडल, पेडलच्या दोन जोड्या. मागचं हँडल नुसतं धरायला असतं. पुढे बसायची माझी धाकटी नणंद, मागे मी. नणंद पोहायला शिकवते. तलावाच्या या काठावरून त्या काठावरच्या पोराला झापू शकेल असा तिचा आवाज आहे, आणि गळ्यात कायम शिट्टी. सगळे तिला शिट्टीच म्हणतात, मीसुद्धा. माझे डोळे हळूहळू जात होते तेव्हा घरातले सगळे माझ्याशी दवाखान्यातल्यासारखे कुजबुजत बोलायला लागले होते. ही एक दिवस कुठूनशी जोडसायकल घेऊन आली आणि म्हणाली, "वहिनी, बस मागे. रडायचं असेल तर पेडल मारत रड."

दर रविवारी व्हॅनच्या मागच्या सीट काढून आम्ही जोडसायकल आत घालायचो आणि शहराबाहेरच्या तलावावर जायचो. तलावाभोवती सायकलींसाठी वेगळा रस्ता आहे, तिथे गाड्या नाहीत. आठवडाभर मी औषधांच्या घाऊक दुकानात कानाला फोन लावून ऑर्डरी घेते. तिथे लोक मला धरून खुर्चीत बसवतात, धरून उठवतात. रविवारी मात्र मी माझ्या पायांनी वारा अंगावर घ्यायची. तेवढंच माझं स्वतःचं उरलं होतं. हे मी नवऱ्याला तोंडाने सांगितलं होतं, त्यामुळे त्याला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

जोडसायकलीचा एकच नियम आहे. पुढे बसणाऱ्याने आधी बोलायचं, मग करायचं. "ब्रेक" म्हणायचं, मग ब्रेक दाबायचा. "डावीकडे" म्हणायचं, मग वळायचं. "खड्डा" म्हटलं की मागच्याने बूड उचलायचं. न बोलता काही केलं तर मागचा माणूस खाली. गेल्या वर्षी वळणावर वाळू होती, शिट्टीने "वाळू" म्हणेपर्यंत आम्ही आडव्या झालो होतो. माझं कॉलरबोन मोडलं. शिट्टी रडली, मी हसले, आणि नवरा दवाखान्यात एक शब्द बोलला नाही. हाड जुळल्यावर आम्ही पुन्हा जायला लागलो, तेव्हाही तो बोलला नाही. नंतर त्याने व्हॅन विकली.

जोडसायकलीचं काय, हे मी आठवडाभर विचारत राहिले. तो म्हणायचा, मागे सायकल टांगायचा हुक लावायला कंपनीची परवानगी नाही. हे खरं होतं. पट्ट्यांचा कॅरिअर लावला तर डिकीवरचा पंख, तो स्पॉयलर, मोडतो, म्हणाला. तेही खरं होतं. "आणि छतावर?" मी विचारलं.

"हायब्रिड आहे ती. छताला वजन झेपत नाही."

"बॅटरी खाली आहे. छताला काय धाड भरली?"

"मी विचारून आलोय," तो म्हणाला. "दुकानदार म्हणाला, विषय सोडा."

मी विषय सोडला नाही. शिट्टीला घेऊन मी कॅरिअरवाल्याचं दुकान गाठलं. तिने गाडीचं मॉडेल सांगितलं, जोडसायकलीची लांबी आणि वजन सांगितलं. कॅरिअरवाला म्हणाला, होतं की. लांब पन्हळीचा कॅरिअर लागेल, पुढचं चाक काढून डिकीत टाकायचं, चाक धरणारा पुढचा चिमटा इथे आवळायचा. छतावर चालतं त्यापेक्षा वजन बरंच कमी आहे.

"माझा नवरा येऊन गेला ना तुमच्याकडे?" मी विचारलं.

"ते हायब्रिडवाले साहेब? आले होते, गाडी घ्यायच्या आधी. त्यांनाही मी हेच सांगितलं. एवढंच म्हटलं, गाडीची उंची वाढते, विसरू नका."

मी तिथेच कॅरिअर विकत घेतला आणि शिट्टीने तो गुपचूप उचलला. एरवी तिला गप्प बसवायला भूल द्यावी लागेल. बाहेर आल्यावर म्हणाली, "दादा खोटं बोलला."

"तुझा दादा आहे," मी म्हणाले. "तूच काय ती नावं ठेव."

घरी जाऊन मी आदळआपट केली नाही. कॅरिअरची पन्हळ जेवणाच्या टेबलावर आडवी ठेवली आणि त्याची वाट बघत बसले. तो आला, थबकला आणि म्हणाला, "हे काय?"

"विषय," मी म्हणाले. "तू सोडायला सांगितलेलास ना, तो."

तो काही कबूल झाला नाही. दुकानदाराचं बोलणं नीट कळलं नसेल, म्हणाला. माझा नवरा इमारतींमधली आगीची व्यवस्था तपासतो. जिन्याची रुंदी, दारांची उंची, पाण्याचा दाब, सगळं त्याला तोंडपाठ. कुठल्याही लग्नाच्या हॉलमध्ये गेलो की जेवणाआधी तो बाहेर पडायचे दरवाजे मोजतो. अशा माणसाला दुकानदाराचं साधं वाक्य कळलं नाही म्हणे. मी त्याला म्हटलं, रविवारी सकाळी कॅरिअर लावायचा. त्याने लावला. प्रत्येक बोल्ट आवळताना त्याच्या नाकातून येणारा आवाज मी ऐकत होते.

त्या रविवारी आम्ही तलावावर गेलो. छान झालं, एवढंच सांगते, कारण बाकीचं सांगायला अजून जीवावर येतं. शिट्टी ओरडत होती, "चढ. उतार. म्हातारा, कुत्रा, म्हातारा." मी पेडल मारत होते. नवरा काठावर बाकावर बसून होता. परतताना शिट्टीला आम्ही तिच्या घराशी सोडलं आणि आमच्या इमारतीकडे निघालो.

आमच्या इमारतीत गाड्या तळघरात लागतात. फाटकातून आत आलं की उतरण, आणि उतरणीच्या तोंडाशी साखळ्यांना टांगलेली एक लोखंडी दांडी आहे. उंच गाडी आली की दांडी आधी वाजते, म्हणजे मागच्या काँक्रीटच्या तुळईवर डोकं आपटत नाही. आमचं आधीच ठरलं होतं की दांडीच्या अलीकडे थांबायचं, जोडसायकल खाली घ्यायची आणि तिला हाताने उतरणीवरून न्यायचं.

फाटकाशी गतिरोधकाचा दणका बसला, मग गाडी थोडी पुढे गेली आणि थांबली. इंजिन कधीच बंद झालं होतं, गाडी बॅटरीवर होती. इतकं शांत की वर साखळीच्या कड्या एकमेकींवर घासत होत्या तेही मला ऐकू आलं. मी सीटचा पट्टा काढला आणि दाराला हात घातला. नवऱ्याने नाकातून एक लांब श्वास सोडला.

आणि गाडी पुढे सरकली.

दांडी टणकन वाजली. त्याने ब्रेक दाबला नाही. मग वर जे काही झालं त्याचा आवाज माझ्या डोक्यातून अजून जात नाही. आधी हँडल गेलं, मग कॅरिअर छतासकट वर उचलला गेला आणि पत्रा फाटला. वॉचमन पळत आला. नवरा खाली उतरून म्हणाला, "छे, लक्षातच राहिलं नाही रे." वॉचमन म्हणाला, होतं असं साहेब, सवय नसते. शेजारची बाई वरून म्हणाली, सायकल गेली तर गेली, माणसं वाचली. सगळ्यांनी मिळून त्याचं सांत्वन केलं. मी उभी राहून जोडसायकलीवरून हात फिरवला. माझ्या बाजूचं हँडल मागे दुमडलं होतं आणि पुढचा चिमटा वाकडा झाला होता.

वर घरी आल्यावर मी दार लावून घेतलं.

"तू थांबला होतास," मी म्हणाले.

"कुठे?"

"दांडीच्या अलीकडे. थांबलास आणि मग गेलास."

"तुला काय दिसलं गं?" तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने हे वाक्य माझ्यावर फेकलं.

"दिसलं काही नाही. व्हॅन असती तर कळलंही नसतं, तिच्या खडखडाटात तुझं सगळं खपून गेलं असतं. तुझ्या या गाडीत मला तुझा श्वाससुद्धा ऐकू येतो. मी दाराला हात घातला होता, उतरायला."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग तो जे बोलला ते आधीपासूनच त्याच्या घशाशी होतं.

"तुझं हाड मोडलं तेव्हा तुझे केस कोण विंचरत होतं? शिट्टी? रात्र रात्र तू कण्हत होतीस ते कोण ऐकत होतं? पुढच्या वेळी मान मोडेल. मला रोज तेच दिसतं. मी काय करू?"

"बोलायचं होतंस."

"बोललो असतो तर ऐकलं असतंस?"

"नाही."

"मग?"

"मग भांडलो असतो. तू ओरडला असतास, मी ओरडले असते. मला कळलं तरी असतं की कोणाशी भांडतेय. तू माझ्या पाठीमागून व्हॅन विकलीस, खोटं बोललास, नव्या गाडीचं छत फाडून घेतलंस. पण तोंड उघडलं नाहीस."

"भीती वाटते मला," तो म्हणाला.

मला त्याची दया आली नाही. यायला हवी होती, असं शिट्टी नंतर म्हणाली. तिला म्हटलं, तुझा भाऊ आहे, तू कर दया. मला राग आला होता आणि तो अजून उतरलेला नाही. माझे डोळे गेले ते कोणाला विचारून गेले नाहीत. जे उरलं होतं ते यानेही मला न विचारताच काढून घेतलं.

सायकलवाल्याने जोडसायकलीला नवीन चिमटा आणि दोन्ही हँडलं बसवली. सांगाडा धड होता. गाडीही परत आली, पण गॅरेजवाल्याने बजावलं की पत्रा ठोकून सरळ केलाय, आता या छतावर कॅरिअर लावू नका, वजन झेपणार नाही. नवऱ्याने हे मला स्वतः येऊन सांगितलं. त्याच्या आवाजात समाधान नव्हतं हे मान्य करते. त्याला वाटलं असावं, हिशोब मिटला.

रविवारी सकाळी शिट्टी आली. आम्ही जोडसायकल तळघरातून ढकलत वर आणली, फाटकातून बाहेर काढली आणि रस्त्यावर उभी केली.

"कुठे?" नवरा मागून धावत आला.

"तलावावर."

"इथून? या रस्त्याने ट्रक जातात. वेड लागलंय का?"

"तलावापर्यंत न्यायला गाडी होती," मी म्हणाले. "तुझी गाडी नेत नाही. मग घरापासूनच चालवत जाणार."

त्याने शिट्टीकडे वळून पाहिलं असावं, कारण ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस दादा? मी बोलून चालवते."

आम्ही निघालो. तलावावर वारा असतो, इथे ट्रकचा धूर आणि बसचे ब्रेक होते, आणि उजव्या कोपराजवळून काहीतरी मोठं सतत जात होतं. शिट्टीचा आवाज घोगरा झाला होता. "बस. ब्रेक. डावीकडे. झाकण आहे, उचल. सिग्नल, थांबतोय." मी हँडल घट्ट धरलं होतं आणि ती म्हणेल ते करत होते.

सिग्नल सुटल्यावर ती म्हणाली, "वहिनी, मागे दादा आहे. गाडी घेऊन."

मी कान मागे लावला. ट्रक होता, मोटारसायकल होती, कोणीतरी गाणी लावली होती. त्याच्या गाडीचा मागमूस नव्हता.

"किती मागे?"

"अगदी मागे. हळूहळू येतोय. लोक त्याला शिव्या घालतायत." ती थोडी थांबली. "बाजूला घेऊ का? त्याला काही बोलायचं असेल."

"त्या गाडीला हॉर्न आहे," मी म्हणाले. "बोलायचं असेल तर वाजवेल. तू पुढे बघ."

"चढ," शिट्टी म्हणाली, आणि मी पेडलवर जोर दिला. तलावाचा उतार लागेपर्यंत माझा एक कान मागे होता. हॉर्न वाजला नाही.