अर्ध्यावर सुटलेला धवला

"न्हाय घेत म्हंजे काय, आई?" चंद्रानं पाण्याचा तांब्या सासूपुढे आदळला. "डॉक्टरीण काय बोलली ती इसरलाव?"

"आज केसरीनाथच्या पोरीचं लगीन हाय गो. ती पान्याची गोली घेतली का मना मांडवात बसवनार न्हाय. उद्या घेतंय."

सीताबाई ही अंजूरची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येईल तेव्हा येईल, पण मांडवात आधी तिचा धवला, लग्नविधीचं गाणं, घुमला पाहिजे. गळा तिला तिच्या सासूनं दिला, आणि गळ्याबरोबर एक नियमही: धवला धरला की तो संपेतो पाट सोडायचा नाही. सोडला तर नवरीचा संसार अर्ध्यावर मोडतो. या नियमापायी सीताबाईनं पोटच्या पोराचं रडणंसुद्धा बसल्या जागी ऐकलं होतं.

आता तिचं हृदय थकलं होतं. अंगात पाणी साचायचं, म्हणून सकाळी ती गोळी. पण गोळी घेतली की दुपारपर्यंत मोरीच्या खेपा. मग तिनं आपली युक्ती काढली. लग्नाच्या दिवशी गोळी बंद, आणि मोकळ्या दिवशी राहिलेल्या सगळ्या एकदम! शिळा भात संपवावा तशा. गेल्या आठवड्यात पायांत गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बाई ओट्यावरच कोसळली.

भिवंडीच्या डॉक्टर रुकय्यानं रक्त तपासून तिला चांगलंच झाडलं. "मावशी, चुकवली की पाणी फुप्फुसात चढतं. ढीगभर घेतली की पाण्याबरोबर अंगातले क्षार वाहून जातात, हृदयाचा ठोका बिघडतो. एखादे दिवशी झोपेतच जाल! रोज सकाळी एक. लग्न असो की मयत."

"न् मांडवातून उठाया लागलं तं?"

"तर उठायचं. लोक समजून घेतील."

हिला काय ठाऊक धवला, असं मनात म्हणून सीताबाई घरी आली होती. आणि कालही लग्न होतं, म्हणून कालही गोळी चुकवली होती.

"रातभर भिंतीला टेकून बसलाव," चंद्रा म्हणाली. तिचं रागावणं आता संपलं होतं. "पाय बघा कसं सुजलंत. गायला दम तरी पुरंल का?"

सीताबाईनं नडगीवर बोट दाबलं. पडलेला खळगा भरायचं नाव घेईना. दमच नसेल तर धवला कशानं म्हणणार? ती या सगळ्याला फार कंटाळली होती.

"दे," ती म्हणाली. एकच गोळी गिळली.

केसरीनाथनं जमीन गोडाऊनवाल्यांना विकलेली, त्यामुळे मांडवाचा थाट काय विचारता! भिंतीएवढे स्पीकर लावले होते. सीताबाई नवरीशेजारी पाटावर बसली. खूप दिवसांनी दम पुरत होता. पण आई लेकीचा हात सोडते त्या ओळीपर्यंत आली आणि तिला लघवीची कळ धरवेना. आई एकवीरे, एवढं निभव, म्हणत तिनं गुडघे घट्ट आवळले. घामानं भिजली. आणि मग ओळ अर्धी टाकून, चंद्राच्या खांद्यावर हात ठेवून उठली. जन्मात पहिल्यांदा.

आता कुणीतरी ओरडेल, आता कुणी म्हातारी कपाळ बडवेल, म्हणून जाताना तिचे कान मागेच होते.

कुणी ओरडलं नाही. ती परत आली तेव्हा स्पीकर दणाणत होते, केसरीनाथ मोबाइलवर बोलत होता आणि तिच्या पाटावर फोटोवाल्यानं आपली बॅग ठेवली होती.

"कोनाला कल्लं पन न्हाय, आई," चंद्रा हळूच म्हणाली. "बरं झालं."

"हां. बरं झालं."

तिला रडू येईल असं वाटलं. ज्यांच्यासाठी जीव टांगणीला लावला, ती माणसं ऐकतच नव्हती. किती हंगामांपासून, कोण जाणे.

तिनं बॅग उचलून बाजूला ठेवली, पदर सावरला आणि पाटावर बसली. आवाज नवरीपर्यंतही पोचेना, तेव्हा तिच्या कानाशी वाकली आणि सुटली होती त्याच ओळीपासून धवला पुन्हा धरला. नवरीनं चमकून तिच्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून ऐकू लागली.

"ओ आजी, फोटोत येताय! जरा बाजूला व्हा!"

धवला संपेतो सीताबाई हलली नाही.